मोबदल्याचा पैसा आणि गुंठ्याचा मोह

मुंबई–नागपूर समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं सबंध ७०१ किलोमीटर खुला झाला. ह्या रस्त्याकरितां ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांपैकीं पुष्कळांच्या हातीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती एवढी रक्कम एकदम आली. आणि रस्ते, धरणें व कारखाने यांच्यापायीं ती आणखीहि कित्येक बंधूंच्या हातीं यावयाची आहे. पैसा आला कीं मागोमाग दलाल येतो. त्याच्याजवळ रंगीत नकाशा असतो, त्यावर बाग, मंदिर व रुंद रस्ते काढलेले असतात, आणि भाव गुंठ्याचा सांगितलेला असतो. जमिनीचा पैसा पुन्हां जमिनींत घालावा, हें आम्हांस मान्य आहे; परंतु जो तुकडा कायद्यानें आपल्या नांवें वेगळा निघूं शकत नाहीं, त्यांत एक पैहि घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एकराचे चाळीस गुंठे होतात व गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. दलाल एकराच्या भावानें घेतो आणि गुंठ्याच्या भावानें विकतो. त्याची सारी कमाई ह्या दोन भावांमधील अंतरांत आहे. उलट, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडून विकण्यास मनाई आहे. हें क्षेत्र २०२३ सालीं बहुतेक जिल्ह्यांत जिरायतास २० गुंठे व बागायतास १० गुंठे असें ठरलें. नागरी हद्दींत अलीकडे सवलती मिळाल्या आहेत, पण त्या अमुक गटास लागू आहेत कीं नाहीं, हें तहसीलदाराकडून लेखी घ्यावें. दलालाच्या तोंडून नव्हे. पळवाट म्हणून दहा-वीस जणांचीं नांवें एकाच सात-बारावर सामायिक चढवितात, अथवा नोटरीपुढें साठेखत व कुलमुखत्यारपत्र करून देतात. अशा कागदांनीं मालकी मिळत नाहीं, त्यास नोंदलेलें खरेदीखतच लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे.

आमच्या चुलत्यांनीं कालव्याच्या मोबदल्यांतून तालुक्याच्या गांवाजवळ असेच पांच गुंठे सामायिकांत घेतले. विहिरीचें पाणी चाखून पाहिल्यावांचून मळ्याची बोली न करणारा हा मनुष्य; पण येथें शेताच्या बांधावरहि गेला नाहीं! पुढें विकणाऱ्याच्या बहिणीनें वाटणीचा दावा लावला. तिची सही घेतलीच नव्हती. शिवाय ते पांच गुंठे नेमके कोणते, हें रंगीत नकाशांत होतें, सरकारी मोजणींत कोठेंच नव्हतें.

म्हणून भाव विचारण्यापूर्वीं वारस विचारावे. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. (आपण आपल्या बहिणींकडून हक्कसोडपत्रें कशीं घेतों, हें आठवावें, म्हणजे दुसऱ्याच्या घरांतील गोष्ट सहज समजेल.) सात-बारावरील ‘इतर अधिकार’ सदरांत बँकेचा बोजा वा कुळाचें नांव आहे काय, तें पाहावें. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर विक्रीची सरकारी परवानगी पाहिल्यावांचून इसार देऊं नये. सात-बारा हा महसुली कागद आहे. मालकीसाठीं मूळ खरेदीखतें व फेरफार मागें नेत, तीस वर्षांचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा, दलालाच्या नव्हे. बिनशेती भूखंड घ्यावयाचा असेल आणि जागा ५०० चौरस मीटरांहून मोठी असेल, तर २०१६ च्या कायद्याखालीं महारेराची नोंदणी झालेली आहे काय, हें तपासावें.

एवढें सारें निर्वेध असलें तरी सगळा पैसा भूखंडांत अडकवूं नये. भूखंडास पीक येत नाहीं, भाडें येत नाहीं, आणि दवाखान्याची निकड आली त्या दिवशीं गिऱ्हाईकहि येत नाहीं. एक हंगाम रक्कम बँकेंत मुदतीनें ठेवावी. मग आपल्याच तालुक्यांत पाण्याची शेती मिळत असेल तर ती प्रथम पाहावी. न मिळाल्यास बाजारपेठेंतील भाड्यानें जाणारा गाळा बरा.

ज्यांनीं नोटरीचा व्यवहार करून ठेवला आहे, त्यांनीं पावत्या घेऊन वकिलाकडे आतांच जावें. करारपूर्तीच्या दाव्यास ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसल्यास नकार कळल्यापासून, तीनच वर्षें मिळतात.