ओटीपी बाबांच्या फोनवर

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश नागपूरकरांना नवा नाही. मुंबई, पुणे, नाशिक, अमरावतीसोबत आपल्याकडे ती पद्धत आधीपासून आहे. 2025 मध्ये ती सगळ्या राज्याला लागू झाली आणि कुही, भिवापूर, नरखेडची पोरंही त्याच वेबसाइटवर आली. नोंदणी 21 मेला सुरू व्हायची होती. वेबसाइटच बसली आणि मुहूर्त 26 मेवर गेला. शहरातल्या घरांत त्यावरून थोडी चिडचिड झाली, बाकी काही अडलं नाही. रोजी पाडून तालुक्याला आलेल्या बापाचा मात्र तो दिवस फुकट गेला.

त्याच दिवसांत एक प्रिंट काढायला सक्करदऱ्याच्या एका नेट कॅफेत गेलो होतो. बाकावर मायलेकी बसलेल्या. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत टीसी, गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, सगळं नीट लावलेलं. कॅफेवाल्या पोराने ओटीपी मागितला. फोन नव्हता.

"ते कंपनीत हाय जी. गेटवर फोन ठेवून घेतात त्यायचा."

कंपनी हिंगण्याच्या एमआयडीसीत. घरात स्मार्टफोन एकच, तो बाबांचा, आणि आधारला जोडलेला नंबरही तोच.

"मग मालक घरी आल्यावर या ना, सातनंतर. आता पाठवला तर वाया जाते तो." असं म्हणून पोराने मुलीला कोरा कागद दिला. तोवर कॉलेजं लिहून ठेव म्हणाला. तिने दोन नावं लिहिली, एक घराजवळचं, दुसरं बहुधा मैत्रिणीचं, आणि पेन थांबलं. "दहा टाकता येतात," असं म्हणत उरलेली आठ त्यानेच भराभर खरडली.

नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. म्हणजे या दहा ओळींचा क्रम हा अर्जातला सर्वांत जोखमीचा भाग. धरमपेठेतल्या घरात त्यासाठी मागच्या वर्षीच्या कटऑफचा तक्ता निघतो, मामा-काकांना फोन जातात. इथे ते काम प्रिंटर सांभाळता सांभाळता झालं. त्या पोराला मी नावं ठेवणार नाही. त्या दुपारी तिला मदत करणारा तो एकटाच होता.

शिक्षणातल्या तंत्रज्ञानाची गोष्ट निघाली की आपण अजून 2020 मध्येच असतो. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत वर्ग मोबाइलवर गेले, तेव्हा अडचण सरळ होती, फोनच नव्हते. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या जेमतेम 15 टक्के ग्रामीण घरांत इंटरनेट होतं. (त्या काळात मला सर्वांत शहाणपणाची वाटली ती सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका. घरात टीव्ही असला की झालं, डेटाचा प्रश्नच नाही.) आता फोन आलेत. 'असर' या शिक्षण पाहणीच्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 36 टक्के आणि मुली 27 टक्के. मोजणीत घर पास होतं, पोरगी ओटीपीसाठी बाकावर बसते.

आपल्या नागपुरातच मुख्यालय असलेली 'महाज्योती' ही सरकारी संस्था इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब देते, रोज 6 जीबी डेटा देते, ऑनलाइन शिकवणी देते. योजना चांगलीच आहे. दहावीच्या गुणांची अटही समजून घालतात, शहरी मुलांना 70 टक्के तर ग्रामीण मुलांना 60. मात्र अर्ज ऑनलाइन. नॉन-क्रिमिलेअरसकट सगळे दाखले स्कॅन करून चढवायचे. ज्याच्याकडे काही नाही त्याने टॅब मिळवायला आधी नेट कॅफेच गाठायचा.

ऑनलाइनमुळे वशिला कमी झाला, उन्हातल्या रांगा गेल्या, हे खरंच आहे, आणि ते जुने दिवस परत यावेत असं कोणालाही वाटत नसेल. पण खिडकीमागचा बाबू 'इथे सही राहिली' एवढं तरी सांगायचा. ते काम सरकारने आईबापांवर टाकलं आणि त्याची मजुरी कॅफेवाला त्यांच्याकडूनच घेतो. अकरावीच्या नोंदणीचे सरकारी शुल्क 100 रुपये. भरून द्यायचे वेगळे, फोटोचा साइज कमी करायचे वेगळे, चूक दुरुस्तीचे पुन्हा वेगळे.

मार्गदर्शन केंद्रं नेमलेली असतात, पण ती कार्यालयीन वेळेत. तेव्हा बाबांचा फोन गेटवर असतो. नोंदणीच्या दिवसांत प्रत्येक हायस्कूलने एक वर्ग, एक कॉम्प्युटर आणि कॉलेजांची माहिती असलेला एक शिक्षक रात्री नऊपर्यंत ठेवावा, रविवारीसुद्धा. आणि त्या शिक्षकाला जादा कामाचा भत्ता द्यावा. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात आहे, हेही फुकटात मागितलं तर तो पाचला कुलूप लावेल आणि त्याला बोलायला आपल्याला तोंड राहणार नाही.