फोर्टनाइटची कैफियत

एका मराठी कथेचा मी केलेला इंग्रजी अनुवाद परदेशातल्या संपादिकेकडून तपासून आला. 'फोर्टनाइट'वर रेघ, वर लिहिलेलं 'टू वीक्स'. 'थ्राइस'वर रेघ, वर 'थ्री टाइम्स'. आणि समासात शेरा : हे शब्द जुनाट वाटतात, थोडे भारतीयही. दोन्ही विशेषणं दोष दाखवल्यासारखी वापरलेली पाहून माझा चहा निवला.

प्रतिपक्ष पोकळ नाही, म्हणून आधी तोच मांडतो. लंडनच्या सोहो भागात वॉर्डर स्ट्रीट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे जुनं फर्निचर विकत, आणि जुनं म्हणून खपवलेलं नवंही. चोरबाजारातला 'शंभर वर्षांचा' ग्रामोफोन घरी आणून पश्चात्ताप केलेल्यांना अधिक सांगायला नको. इंग्रज कवी विल्यम मॉरिसने 'ओडिसी'चा अनुवाद मुद्दाम पुराण्या इंग्रजीत केला, तेव्हा १८८८ साली एका टीकाकाराने त्या भाषेला 'वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश' म्हटलं. नाव इतकं चपखल बसलं की कोशकार फाउलरने १९२६च्या 'मॉडर्न इंग्लिश युसेज'मध्ये त्याची वेगळी नोंद केली. 'मीथिंक्स', 'फॉरसूथ' असले शब्द पेरून लेखणीला भारदस्तपणा आणणारे मलाही सहन होत नाहीत. खानावळीच्या पाटीवरचा 'ये ओल्ड' तर उघड बनावट माल. ते 'ये' कधी नव्हतंच. 'थॉर्न' नावाच्या जुन्या अक्षराच्या जागी छापखान्यांनी 'वाय' वापरला, उच्चार मात्र साधा 'द'च होता.

इथवर मी संपादिकेच्या बाजूचा. पण खोटं जुनं वाईट, म्हणून खरं जुनंही मोडीत काढायचं, हा न्याय कुठला? वॉर्डर स्ट्रीटवरच्या खुर्चीत खोट होती ती वयाच्या बतावणीची. आजोबांची खुर्ची अजून डगमगत नसेल, तर तिच्यावर बसायला कोणाची परवानगी लागते? शब्दाला विचारायचं ते एवढंच : तुझं काम दुसरा कोणी करतो का?

फोर्टनाइट म्हणजे मुळात चौदा रात्री. इंग्रजी जिथून आली त्या जर्मन टोळ्या दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीसच नोंदवून ठेवलंय. या शब्दाला एक धाकटा भाऊ होता, 'सेनाइट', म्हणजे सात रात्री. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत तो भेटतो. पुढे तो गेला, कारण 'वीक' त्याचं काम चोख करत होता. त्याच्यासाठी मी गळा काढणार नाही. फोर्टनाइटचं काम मात्र कोणी उचललं नाही. अमेरिकेने तो टाकला आणि तिथे 'बायवीकली'चा घोळ झाला. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोश दोन्ही अर्थ देऊन मोकळे होतात. आपल्याकडे बँकांच्या रोख राखीव निधीची सरासरी पंधरवड्यावर काढतात आणि रिझर्व्ह बँक त्या काळाला सरळ 'फोर्टनाइट' म्हणते. रिझर्व्ह बँकेवर आजवर काव्यात्मकतेचा आरोप झालेला नाही.

साध्या भाषेच्या बाजूने जॉर्ज ऑरवेलचा दाखला हमखास येतो, म्हणून तोही पाहू. १९४६च्या त्याच्या निबंधात छोट्या, साध्या शब्दांचा आग्रह आहे, हे खरं. पण त्याचा राग होता भारदस्त लॅटिन-ग्रीक शब्दांवर आणि झिजलेल्या रूपकांवर. फोर्टनाइट अस्सल देशी, दोन अवयवांचा, गावरान. ऑरवेलला साक्षीला बोलावलं तर तो माझ्या बाजूने बोलेल.

आता 'ओव्हरमॉरो'. १५३५च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये तो आहे. अर्थ : परवा, येणारा. जर्मनांनी आपला 'युबरमॉर्गन' सांभाळला, इंग्रजांनी मात्र हा गमावून 'द डे आफ्टर टुमॉरो' अशी आगगाडी जोडली. होऊन गेलेल्या परवालाही त्यांच्याकडे 'एअरयेस्टरडे' हा वेगळा शब्द होता. आपण दोन्हीकडे एकच परवा वापरतो आणि 'गेला' की 'येईल' हे क्रियापदावर सोपवतो. त्यांनी दोन नेमके शब्द हातचे घालवले. मात्र माझीच कसोटी प्रामाणिकपणे लावली तर ओव्हरमॉरो काठावर पास होतो. आगगाडी लांबलचक असली तरी ठरल्या स्टेशनात पोचते. तरी मी तो वापरतो. ऐकणारा एकदा विचारतो, दुसऱ्यांदा नाही.

'हिदर', 'विदर', 'व्हेन्स' यांच्यासाठी मी फार भांडणार नाही. इकडे, कुणीकडे, कुठून अशी आपल्यासारखीच सुबक घडी इंग्रजीतही होती. पण 'गो' म्हटलं की दिशा कळतेच.

खरा सल 'दाऊ'चा. एकेकाळी इंग्रजीतही तू आणि तुम्ही होतं. १६०३ साली दर्यावर्दी वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याला भर न्यायालयात 'दाऊ' म्हणाला. आपल्या भाषेत, अरेतुरेवर आला. अनुवादात एखादा मराठी सासरा रागाच्या भरात व्याह्याला अचानक 'तू' म्हणतो, तिथे माझे हात बांधले जातात. तरी दाऊ परत येणार नाही. प्रार्थना आणि पोथ्यांत राहून तो इतका सोवळा झालाय की आजच्या इंग्रजी कानाला त्यात अपमानाऐवजी भक्ती ऐकू येते.

मेलेला शब्द उठत नाही, असं ठासून सांगणाऱ्यांनी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे पाहावं. 'रेड' हा सरहद्दीवरच्या स्कॉटांचा शब्द वापरातून गेला होता, तो त्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परत आणला. आज आयकर खात्याची रेड पडते तेव्हा कोणाला पुराणवस्तूचा वास येत नाही.

माझ्या बाजूचे म्हणवणाऱ्यांशीही माझं पटत नाही. २००८ साली कॉलिन्सच्या शब्दकोशातून काही शब्द गळणार म्हणून त्यांना दत्तक घेण्याची टूम निघाली. कवी अँड्र्यू मोशनने 'स्कर' घेतला, पक्ष्यांच्या पंखांची भिरभिर. अभिनेता स्टीफन फ्रायने 'फब्सी', म्हणजे गुटगुटीत. हेतू चांगला होता. पण छातीवर बिल्ला लावून शब्द जगत नाही, त्याला बाजारात पाठवावं लागतं.

राहिला 'भारतीय' हा शेरा. 'टिफिन' साहेबाने आणला, मायदेशी विसरला आणि मुंबईने तो लोकलमध्ये चढवला. यात आपलं काय चुकलं? 'डू द नीडफुल'सुद्धा त्यांच्याच कचेऱ्यांतला. पण त्याची वकिली मी करणार नाही, कारण नेमकं काय करायचं हे त्यातून कधीच कळत नाही. त्याचा सख्खा भाऊ 'आवश्यक ती कार्यवाही करावी' आपल्याकडे सुखाने नांदतो आहे.

'थ्राइस' मी सोडून दिला. 'थ्री टाइम्स' त्याचं काम निमूट करतो. फोर्टनाइटवर मात्र हटलो नाही. कथा पितृपंधरवड्यातली आहे, तिथे तिथी मोजतात. 'टू वीक्स' म्हटलं की मधे दोन रविवारांची सुट्टी असल्यासारखं वाटतं. संपादिकेला तसं लिहिलं, आणि विनोद म्हणून शेवटी 'उत्तर ओव्हरमॉरोपर्यंत मिळावं' अशी ओळ टाकली. उत्तर त्याच दिवशी आलं : फोर्टनाइट मंजूर, पण ओव्हरमॉरोचं स्पेलिंग एकदा तपासून घ्या.