दीपस्तंभामागचा चंद्र

गेल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या निमित्ताने एका देवस्थानाने उत्सवाची स्मरणिका काढली. मुखपृष्ठावर पेटलेल्या पणत्यांचा दीपस्तंभ, आणि त्याच्या मागे स्तंभाच्या निम्म्या उंचीएवढा पूर्णचंद्र! खाली ओळ छापली होती, 'पौर्णिमेच्या रात्री घडलेले अपूर्व दर्शन.' आम्ही त्या देवस्थानाचे महाजन. बालपणापासून त्या अंगणात उभे राहत आलो आहोत. असे दर्शन तेथे कोणास कधी घडलेले नाही आणि पुढेही घडणे शक्य नाही.

हे आम्ही रागाच्या भरात लिहीत नाही, हिशेबाने लिहितो. चंद्रबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापते. म्हणजे ११० फुटांवर धरलेली एक फूट रुंदीची थाळी जेवढी दिसावी तेवढेच ते दिसते. चित्र अग्रशाळेच्या पायरीवरून घेतलेले आहे. तेथून स्तंभ सुमारे ११० फूट. स्तंभाची उंची सुमारे ४० फूट. तेव्हा खरा चंद्र ह्या स्तंभाशेजारी फूटभर रुंद दिसावयास हवा. चित्रात तो वीस फुटांचा झाला आहे. तो तेवढा दिसावा अशी इच्छा असेल तर कॅमेरा २,२०० फूट मागे न्यावा लागेल, आणि मग अंगणाची फरसबंदी व अग्रशाळेची पायरी चित्रात येणार नाही. दुसरे असे की, त्या पायरीवरून पाहणाऱ्याचे तोंड थेट उत्तरेस असते. गोमंतकातून उत्तरेच्या आकाशात इतक्या खाली चंद्र कधीच येत नाही. सारांश, हा चंद्र दुसऱ्या कोठला तरी आणून तेथे डकविला आहे.

आम्ही हे समितीच्या नजरेस आणले. उत्तर आले, "देवाच्या कार्यात एवढी चिकित्सा कशाला? आणि नासावाले तरी काय करतात? तेही संगणकावर रंग भरूनच चित्रे देतात!" आमच्या व्यवसायात असला बचाव नित्य ऐकू येतो. शेजाऱ्याने अतिक्रमण केले आहे, सबब माझे अतिक्रमण कायदेशीर! परंतु येथे गंमत अशी की, शेजाऱ्यानेही अतिक्रमण केलेले नाही. आकाशचित्रांवर संगणकाचे संस्कार होतात हे सत्य आहे; त्यावरून ती चित्रे आणि हा डकविलेला चंद्र एकाच मापाचे ठरतात, हे साफ असत्य आहे.

संस्कार म्हणजे काय, ते पाहा. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे. काळोख्या रात्री डोळ्यांस ती पुसट डागासारखी दिसते. कॅमेरा मिनिट-मिनिट उघडा ठेवून तिचे शंभर फोटो घेतले, तर प्रत्येकात तिच्या प्रकाशाबरोबर यंत्राचे व आकाशाचे अवांतर ठिपकेही उतरतात. डीपस्कायस्टॅकर वा सिरिल ह्यांसारखे सॉफ्टवेअर ते शंभर फोटो नेमके एकावर एक बसवून त्यांची सरासरी काढते. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो म्हणून तो टिकतो. अवांतर ठिपके दर वेळी निराळ्या जागी पडतात म्हणून ते दहापट मंदावतात. शंभर साक्षीदारांच्या जबानीत जेवढे समान तेवढे ग्राह्य धरावे, तशातलाच हा प्रकार. पुढे अंधुक भाग उजळवितात, त्यासही 'स्ट्रेचिंग' असे साधे नाव आहे. ह्यात बाहेरून काहीही आणलेले नसते. आणि ही काही संगणकाने लावलेली नवी खोड नव्हे. ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन ह्यांनी अंधाऱ्या खोलीत, काचेच्या तबकड्यांवर, हेच काम केले होते.

रंगांचे म्हणाल, तर तेथेही कारण आहे. हबल दुर्बिणीने १९९५ साली गरुड तेजोमेघातील धुळीच्या उत्तुंग स्तंभांचे जे विख्यात चित्र घेतले, त्यात गंधकाच्या प्रकाशास तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशास हिरवा व ऑक्सिजनच्या प्रकाशास निळा रंग दिला आहे. मुळात गंधक आणि हायड्रोजन ह्यांचे हे दोन्ही प्रकाश तांबडेच. डोळ्यांस ते वेगळे कळणार नाहीत. कोणता वायू कोठे आहे हे कळावे म्हणून रंग वाटून दिले. नकाशात एक जिल्हा पिवळा व दुसरा गुलाबी रंगवितात. तेवढ्याने तेथील जमीन गुलाबी आहे असे कोणी मानीत नाही. मात्र एका अटीवर : नकाशाच्या कोपऱ्यात रंगांची सूची असली पाहिजे.

ती सूची हरवली म्हणजे काय होते, ह्याचा दाखला खुद्द नेपच्यूनने दिला आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-२ यान त्या ग्रहाजवळून गेले. ढग व पट्टे उठून दिसावेत म्हणून चित्रांतील भेद मुद्दाम वाढविले गेले, आणि ग्रह गडद निळा झाला. त्या वेळी चित्रांखाली तसा खुलासाही होता. पुढे चित्र पुस्तकापुस्तकांतून फिरले; खुलासा मागे राहिला. पस्तीस वर्षे मुले निळाशार नेपच्यून रंगवीत राहिली. अखेर २०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन ह्यांच्या चमूने दाखवून दिले की, नेपच्यूनचा खरा रंग युरेनससारखाच फिकट हिरवट-निळा आहे. निळेपणा किंचित अधिक, इतकेच. ध्यानात घ्या, येथे कोणी लबाडी केली नव्हती. केवळ एक ओळ गळाली, आणि दीड पिढी चुकीचे शिकली. प्रामाणिकांच्या हातून एक ओळ गळाल्याने इतके होते, तर जेथे ओळच खोटी छापली तेथे काय होईल?

दुसऱ्या टोकाचा दाखला २०२३ च्या मार्चमधला. एका गृहस्थाने चंद्राचे चित्र मुद्दाम इतके अस्पष्ट केले की त्यात एकही विवर उरले नाही. ते संगणकाच्या पडद्यावर दाखवून अंधारात एका नावाजलेल्या मोबाईलने त्याचा फोटो घेतला. मोबाईलने विवरे 'दाखविली'! जे समोर नव्हते ते आपल्या पोटातल्या शिकवणीतून आणून भरले. तेव्हा सीमारेषा संगणकाच्या वापराने ठरत नाही. जे प्रकाशाबरोबर आले होते ते उलगडणे हा संस्कार. जे आलेच नव्हते ते घुसडणे ही बनावट.

हा भेद आपल्या देवळांत जाणाऱ्यास नवा नाही. उत्सवात देवास शृंगार होतो. मुखवटा, पीतांबर, अलंकार. त्यास कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण सकाळी अभिषेकाच्या वेळी तोच भक्त देवाचे निजरूप पाहतो. शृंगार शृंगार म्हणूनच मिरविला जातो. आणि 'देवाच्या कार्यात चिकित्सा कशाला' असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो की, ज्या पंचांगावरून तुम्ही त्रिपुरारीची तिथी ठरविता, त्याच्या शुद्धीसाठी केरो लक्ष्मण छत्रे आणि लोकमान्य टिळक ह्यांनी दृक्प्रत्ययाचा आग्रह कशासाठी धरला? गणितातला चंद्र आकाशातल्या चंद्राशी जुळलाच पाहिजे, हा तो आग्रह. तो आग्रह धर्मकृत्याच्या आड आला नाही. धर्मकृत्यासाठीच धरला गेला. गणितातल्या चंद्राची एवढी परीक्षा घ्यावयाची आणि मुखपृष्ठावरच्या चंद्राची मुळीच नाही, हा न्याय कोणता?

ह्यातील खरी हानी वेगळीच आहे. आमच्या घरातील महाविद्यालयीन मुलाने ती स्मरणिका पाहिली, हसला आणि म्हणाला, "ह्यांचे सगळे असेच असते." त्या 'सगळे' शब्दात पुढच्या पानावरील मंदिराचा इतिहास आला, देणगीचा हिशेब आला, आणि पुराणिकांचे प्रवचनही आले. न्यायालयात साक्षीदार एका मुद्द्यावर खोटा ठरला की त्याचे उरलेले सारे बोलणे न्यायाधीश ताडून पाहू लागतो. तरुण मुले तर ताडून पाहण्याचे कष्टही घेत नाहीत. ती उठून जातात.

मग उपाय काय? कायद्याने तो इलेक्ट्रॉनिक पुराव्यापुरता केव्हाच सांगितला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर ह्यांच्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ यंत्र न्यायालयापुढे आणले नसेल तर प्रमाणपत्राविना इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ते प्रमाणपत्र कायम आहे. आम्ही देवस्थानांकडून एवढे मोठे प्रमाणपत्र मागत नाही. आकाशाचे चित्र छापाल तेव्हा खाली तीन गोष्टी छापा : कोठून व केव्हा घेतले, त्यावर कोणते संस्कार केले, आणि दोन चित्रे जोडली असतील तर 'जोडचित्र' हा एक शब्द. त्यास शाईचा थेंबही अधिक लागत नाही.

खरा चंद्र त्या रात्री पूर्वेच्या डोंगरामागून वर येतो, आणि पश्चिमेच्या पायऱ्यांवर उभे राहिल्यास स्तंभाच्या टोकाशी ठेवलेल्या कळशीएवढा दिसतो. येत्या त्रिपुरारीस समितीने तेथे कॅमेरा लावावा. चित्र लहान येईल. पण खाली छापलेली ओळ खरी असेल.