लेस्टरमध्ये पंथ कोणी विचारला नाही



लेकीकडे इंग्लंडला गेले होते. लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन मंदिर शोधत होते, तर एका अनोळखी ताईंनी सोबत केली. दर्शनानंतर घरी नेऊन सूर्यास्ताआधी जेवू घातलं. पंथ विचारलाच नाही! जुन्या चर्चमधल्या त्या मंदिरात १९८८ साली प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी एकाच छपराखाली.

आणि आपण? बदलापूर लोकलमध्ये ओळख झाली की पहिला प्रश्न, ‘तुम्ही कुठल्या पंथाचे?’ उत्तर जुळलं नाही की बोलणं संपलं.

म्हणे, तिथे मोजकेच म्हणून एकत्र. अहो, २०११च्या जनगणनेत देशभरात आपण ४५ लाखही नव्हतो! त्यातही वाटण्या? मी कॉमर्सवाली, हा निव्वळ तोटा आहे.

आधी नाव विचारा, जेवलात का विचारा. पंथ राहू द्या.