कॅसेटी पावसाळ्याआधी बाहेर काढा
कपाटातल्या हाय-एट आणि मिनी-डीव्ही कॅसेटी यंदा पावसाळ्याआधी बाहेर काढाच. आपल्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशीच कॅसेट कॅमेऱ्यात घातली, तर फितीबरोबर हेडही खराब होतो. चालू मशीन मिळणंही दुरापास्त होत चाललंय. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ सालीच व्हीसीआर बनवणं थांबवलं. मिनी-डीव्हीवरचं चित्रण मुळात डिजिटलच असतं. ते फायरवायर केबलने संगणकावर उतरवलं तर दर्जा जराही घटत नाही. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. बारशाला पाळणा म्हणणाऱ्या आजीचा आवाज कुठल्याच फोटोत नसतो. म्हणून फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा आणि मूळ कॅसेटी मात्र टाकू नका.