पेरणीआधी एकदा किडनीचं रक्त तपासा : धामणगाव बढे व पंचक्रोशीला आवाहन

2025 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस झपाट्यानं गळायला लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. मग रक्ताचे, केसांचे नमुने घेतले गेले, आयसीएमआरची पथकं आली, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. टक्कल डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे धावले. पण त्याच जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, किती वर्षांपासून माणसं किडनीच्या आजारानं जात आहेत. त्याचा एवढा गवगवा कधी झाला नाही. किडनी आतल्या आत खराब होते आणि बराच काळ दुखतही नाही.

पूर्णाकाठचं खारं पाणी आपल्याकडे नाही, मग आपल्याला काय भीती, असं कृपा करून म्हणू नका. तिथल्या आजारामागे पाण्याचा नेमका वाटा किती, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. मधुमेह आणि बीपी हे किडनीचे सर्वांत मोठे वैरी मात्र मोताळा तालुक्यातही घरोघरी आहेत. त्यात आपली सवय : दिवसभर उन्हात निंदण, पाणी कमी, आणि संध्याकाळी अंग ठणकलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी. उन्हानं सुकलेल्या शरीरात ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. एखाद्या वेळी निभावतं, वर्षानुवर्षं नाही.

सूज, धाप, मळमळ सुरू झाल्यावर दवाखाना गाठला तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याआधी इशारा देतं ते रक्तातलं क्रिएटिनिन. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. तिचं काम मंदावलं की तो रक्तात साचतो. अडचण एवढीच, की जवळपास निम्मी ताकद संपेपर्यंत हा आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात राहू शकतो.

म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका, ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, विचारा. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो काढतात. एकच उदाहरण देतो. क्रिएटिनिन 1.2 आलं, तर 25 वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर 86 च्या आसपास निघतो, म्हणजे काळजीचं कारण सहसा नाही. तेच 1.2 साठीच्या बाईचं आलं, तर तो 52 च्या आसपास येतो. ईजीएफआर तीन महिने 60 च्या खाली राहिला तर तो जुनाट किडनीविकार समजतात. आपल्या मायमाउल्या अंगानं वाळलेल्या, स्नायू कमी. त्यामुळे त्यांचं क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं आणि आजार त्याआड लपतो. घरात रिपोर्ट फक्त कर्त्या पुरुषाचा निघतो, हे बंद झालं पाहिजे.

रक्तासोबत लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. मधुमेहात ते बऱ्याचदा क्रिएटिनिनच्या आधी बिघडतं. साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करा. मात्र रक्त फार कमी असेल किंवा घरात सिकलसेल असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा, कारण अशा वेळी तो आकडा फसवू शकतो.

मधुमेह, बीपी किंवा मुतखडा असलेल्यांनी, घरात कुणाला डायलिसिस लागलं असेल त्यांनी, दुखण्याच्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांनी आणि खारपाणपट्ट्यातून सून म्हणून इकडे आलेल्या बहिणींनी याच आठवड्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. रक्तनमुने तिथे मोफत घेतले जातात. दिवसभर उन्हात राबून लगेच जाऊ नका. आदल्या दिवशी जड काम आणि मटण टाळा, नेहमीसारखं पाणी प्या. नाहीतर क्रिएटिनिनचा आकडा उगाच वाढलेला दिसेल. तसा तो वाढलेला आलाच तर घाबरू नका आणि झाडपाल्याच्या मागेही लागू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करा. वेळीच कळलं तर साखर-बीपी आटोक्यात ठेवून, योग्य औषधांनी किडनी पुष्कळ वर्षं टिकते. उशिरा कळलं तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या वाऱ्या. औषधोपचार सरकारी योजनेत बसला तरी बुडालेली मजुरी कुणी देत नाही.

मेडिकलवाल्या भावांनो, चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. धंदा थोडा कमी झाला तरी चालेल. लॅबवाल्यांनो, क्रिएटिनिनखाली ईजीएफआर छापा, त्याला वेगळं रक्त लागत नाही. सरपंच आणि सदस्यांनो, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि गावासाठी किडनी तपासणी शिबिर लेखी मागा. आणि शिकलेल्या पोरापोरींनो, घरातले जुने रिपोर्ट काढा, तारखेप्रमाणे लावा. आईचं क्रिएटिनिन दोन वर्षांत 0.8 वरून 1.1 वर गेलं असेल, तर कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी तिला उद्याच डॉक्टरांकडे घेऊन जा.