सहल बसने की गाडीने?

यंदाची सहल एकतानगरला न्यायची, हे ठरले. कशाने न्यायची, यावर मात्र विश्वस्त मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले. बस शाळेच्या फाटकाशी येते, मुले मोजून बसवता येतात, असे बहुतेकांचे म्हणणे. गाडीत धक्काबुक्की होईल, असे काही पालकांनी लेखी कळवले आहे. आमचे मत गाडीच्या बाजूचे आहे.

डभोई-मियागाम ही देशातील पहिली नॅरो गेज. श्रीमंत खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ साली ती सुरू झाली. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे तोंडी ‘छोटी लाइन’च बसली आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.) रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट आणि डबे ओढायला बैल! हलक्या रुळांना इंजिनाचा भार सोसेना. मजबूत रूळ टाकल्यावर पुढे इंजिने नियमित धावू लागली. १८८० च्या सुमारास बडोदे आणि चांदोद दोन्ही डभोईशी जोडले गेले. नर्मदाकाठी श्राद्धकर्मासाठी जाणारी, गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालेली आपली किती मराठी घराणी या छोट्या गाडीने चांदोदपर्यंत गेली असतील!

मुलांनो, घरी आजी-आजोबांना विचारा. डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बैठक, धावत जाऊन पकडता येईल अशी चाल आणि समोरच्या अनोळखी बाईंनी आग्रहाने हातावर ठेवलेला ठेपला. उशीर होई, गर्दी होई, तक्रारीही होत. सारेच गोड होते असे नाही.

आता रूळ रुंद झाले. १७ जानेवारी २०२१ रोजी प्रतापनगर-केवडिया मेमू सुरू झाली आणि केवडियाचे स्टेशन आज एकतानगर म्हणून ओळखले जाते. धूर नाही, कोळसा नाही. परंतु स्कूटर, व्हॅन आणि मोटार यांतच वाढलेली आपली मुले तिकिटाच्या रांगेत कधी उभी राहिलेली नाहीत. ज्या शहरात लालबागेत रेल्वेचे विद्यापीठ आहे, तेथील आठवीच्या मुलाला फलाट क्रमांक कसा पाहावा हे ठाऊक नसावे, याचे आम्हास वाईट वाटते. बसमध्ये चाळीस मुले आपल्याच वर्गाची. डब्यात डभोईचा शेतकरी भेटेल, दुधाची बरणी घेतलेली मावशी भेटेल. सरकून जागा द्यायला वर्गात कसे शिकवणार?

पालकांची भीती मात्र खोटी नाही. प्रतापनगर शाळेपासून लांब आहे, गाडी कोणासाठी थांबत नाही. म्हणून आमची सूचना अशी : पाचवी-सहावी बसनेच जावी. सातवी-आठवीने गाडीने जावे, रविवार टाळून. दहा मुलांमागे एक शिक्षक आणि प्रत्येक डब्यात दोन पालक असावेत. परतीची वेळ सोयीची नसेल, तर येताना सर्वांनी बसने यावे. कोणते पालक सोबत येतील, त्यांनी पुढील बैठकीपूर्वी कार्यालयात नाव द्यावे.